रादोमचं 'विस' पिस्तूल पुन्हा कारखान्यातून: अस्सल म्हणावं का?

व्रोत्स्वाफकर | शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. पोलंडात येऊन सहा वर्षं झाली. ऑफिसात एक सहकारी आहे, रीतसर संग्राहकाचा परवाना असलेला. त्याने आज मला त्याच्या क्लबाच्या रेंजवर नेलं. टेबलावर हिरव्या कापडावर दोन पिस्तुलं शेजारीशेजारी ठेवली होती. लांबून जुळी भावंडं. दोन्ही 'विस'. एक दुसऱ्या महायुद्धातलं, जर्मनांच्या ताब्यातल्या कारखान्यात बनलेलं. दुसरं अलीकडे त्याच कारखान्याने संग्राहकांसाठी मोजक्या संख्येत पुन्हा काढलेलं, युद्धापूर्वीच्या नमुन्याबरहुकूम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. वॉर्सॉच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर रादोम नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाला तेव्हा सैन्याकडे निरनिराळ्या देशांची उष्टी हत्यारं होती. स्वतःचा शस्त्र कारखाना हवा म्हणून १९२० च्या दशकात इथे 'फाब्रिका ब्रोनी' उभी राहिली. शब्दशः शस्त्रांचा कारखाना, नावात काही कलाकुसर नाही. पिस्तुलासाठी चेकोस्लोव्हाकियाकडून परवाना विकत घ्यायचं चाललं होतं. तेव्हा प्योत्र विल्न्येव्‌चित्स या अभियंत्याने 'आपलं आपण करू' म्हणून स्वतःचा आराखडा पुढे केला आणि यान स्क्शिपिन्स्कीच्या साथीने तो तडीस नेला. (आडनावं मोठ्याने वाचून बघा, जीभ परत जागेवर यायला वेळ लागतो.) दोघांच्या आद्याक्षरांवरून नाव झालं 'विस'. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लॅटिनमध्ये 'विस' म्हणजे बळ, आणि स्पेलिंग त्याप्रमाणे बदललं. १९३२ मध्ये पेटंट, १९३५ मध्ये सैन्यात दाखल. म्हणून 'नमुना ३५'.

९ मिमी पॅराबेलम गोळी, मॅगझीनमध्ये आठ, वजन किलोभर. मुठीवर एका बाजूला त्रिकोणात कारखान्याची आद्याक्षरं, दुसऱ्या बाजूला त्रिकोणातच 'विस'.

दोन्ही चालवली. नव्याची स्लाइड (नळीवरचं मागेपुढे सरकणारं आवरण) ओढली की लोण्यात सुरी फिरल्यासारखी येते. जुन्याची येते तीही बरी, पण आवाज वेगळा, कोरडा. आणि खरं सांगतो, नवं हातात असताना मी सारखा जुन्याकडे बघत होतो. सहकारी म्हणतो नवंच जास्त अस्सल, कारण ते १९३८ सारखं आहे. जुनं म्हणजे जर्मनांनी काटकसर करून काढलेला माल. मला काही ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते त्याला सांगताही आलं नाही. जाणकारांनी मत द्यावं.

रविवारची मिसळ | रविवार, सकाळी ९:०५

मी पयला! फोटो टाका की राव. दिसायला अमेरिकी कोल्ट १९११ पिस्तुलासारखंच असतं ना? मग त्याचीच नक्कल म्हणायची. म्हणजे तुमचं नवीन पिस्तूल हे नकलेची नक्कल. हलके घ्या.

खाकी निवृत्त | रविवार, सकाळी १०:३१

मिसळराव, नक्कल नाही. दोन्हींच्या मुळाशी ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराची पद्धत आहे इतकंच. १९११ मध्ये नळीचा मागचा भाग खाली ओढायला झुलती कडी असते. विसमध्ये कडी नाही, नळीच्या खालच्या दांड्यालाच उतार कापलेला आहे. स्लाइडबरोबर नळी जराशी मागे येते, त्या उतारावरून खाली बसते, स्लाइड मोकळी होऊन पुढचं काम करते. बेल्जियमच्या हाय-पॉवर पिस्तुलात हीच पद्धत आहे, आणि तेही १९३५ चंच. आमच्या नोकरीत जे ईशापूरचं ९ मिमी १ए होतं, ते हाय-पॉवरच्या घराण्यातलं. त्यात तेरा गोळ्या, यात आठ. उघडून टेबलावर मांडली तर चुलतभाऊ म्हणून ओळखू येतील.

व्रोत्स्वाफकर, एक विचारतो. जुन्याच्या डाव्या बाजूला एकूण किती खटके आहेत?

व्रोत्स्वाफकर | रविवार, दुपारी १२:१५

फोटो सहकाऱ्याच्या परवानगीशिवाय टाकत नाही, माफी. खटके: जुन्याला दोन, नव्याला तीन. मला वाटलं तिसरा सेफ्टीचा असेल. जर्मनांनी सेफ्टीच काढून टाकली की काय?

खाकी निवृत्त | रविवार, दुपारी १२:५०

इथेच सगळे फसतात. मूठ आणि स्लाइडच्या सांध्याशी, मागच्या बाजूला जो खटका आहे तो सेफ्टी नाहीच. १९११ ची सवय असलेला माणूस डोळे मिटून सांगेल की ही सेफ्टी. तो फक्त पिस्तूल उघडताना स्लाइड मागे अडकवून ठेवायला आहे. तो नसला तर एका हाताने स्लाइड जागेवर धरून दुसऱ्याने खीळ काढावी लागते, बस. जर्मनांनी १९४० नंतर हळूहळू छाटणी केली. आधी मुठीच्या पाठीमागची खाच गेली, तिथे बंदुकीसारखा दस्ता लावता यायचा. मग हा खटका गेला. तुमच्या मित्राचं दोन खटक्यांचं, म्हणजे छाटणीनंतरचं.

सेफ्टी म्हणाल तर मुठीच्या मागे दाबपट्टी आहे, मूठ नीट धरल्याशिवाय चाप चालत नाही. आणि खरी गंमत स्लाइडवरच्या खटक्यात. तो खाली दाबला की फायरिंग पिन आत घेतली जाते आणि मग घोडा (पिनवर आदळणारा मागचा हातोडा) पडतो, गोळी न सुटता. हे घोडदळाच्या आग्रहावरून. एका हातात लगाम, दुसऱ्यात पिस्तूल. चाललेल्या जनावरावर भरलेल्या पिस्तुलाचा उठलेला घोडा अंगठ्याने सावकाश उतरवणं म्हणजे स्वतःच्या मांडीशी वैर. म्हणून हा खटका. परत चालवायचं तर अंगठ्याने घोडा ओढायचा, सगळं एका हातात.

रविवारची मिसळ | रविवार, दुपारी १:०२

म्हणजे घोड्यावर बसून घोडा उतरवायची सोय! आमच्या मुंबईत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. नकलेचं विधान मागे घेतो.

खाकी निवृत्त | रविवार, दुपारी १:२०

आणि व्रोत्स्वाफकर, मित्राला निरोप द्या. जुन्यावर हा खटका गोळी भरलेली असताना वापरू नका म्हणावं. ऐंशी वर्षांची पिन, युद्धातलं पोलाद. तुटली तर सगळा हिशोब बिघडतो. काचेतल्या वस्तूसारखं जपा, चालवायला नवं आहेच. मला विचाराल तर नव्या प्रतीचा हा एकच उपयोग आणि तो पुरेसा आहे.

कानस | रविवार, रात्री ९:४४

उशिरा वाचला धागा. पिस्तुलातलं मला काही कळत नाही, पण भोसरीत टूलरूमला एकतीस वर्षं काढली, तेव्हा धातूबद्दल बोलतो.

'त्याच नमुन्याबरहुकूम' हे वाक्य मी आयुष्यात फार ऐकलंय. गिऱ्हाईक जुना पार्ट टेबलावर आपटतो, 'अगदी असाच पाहिजे' म्हणतो. अगदी तसाच कधीच होत नाही आणि त्यात कुणाचा दोष नसतो. १९३८ साली असली बॉडी कशी होत असेल? घडवलेला लोखंडी ठोकळा, मग मिलिंगच्या डझनावारी फेऱ्या. एका यंत्रावर एकच काप. तिथून काढायचा, दुसऱ्या फिक्स्चरमध्ये बांधायचा, पुढचा काप. प्रत्येक कापाला वेगळं गेज. शेवटी फिटर: हातात बारीक कानस, कानाजवळ पार्ट. स्लाइड सरकवायची, कुठे चावतंय ते ऐकायचं, दोन हात मारायचे, परत. आता पाच अक्षांच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, बहुतेक सगळं एकाच बांधणीत निघतं. बांधणी जितक्या वेळा बदलाल तितकी चूक साठत जाते, म्हणून नवा माल मापात जुन्यापेक्षा सरसच असणार. लोण्यासारखं सरकलं म्हणता, ते त्याचंच.

पण टूलची सही राहते. जुन्या पद्धतीत ब्रोचने (दातेरी सळईने) आतला कोपरा काटकोनात निघतो. एंडमिल, म्हणजे फिरत कापणारं हत्यार, गोल असते, ती कोपऱ्यात स्वतःची गोलाई सोडून जाते. मग ती घालवायला वायरकट करा, नाहीतर ड्रॉइंगच बदलून गोलाई मान्य करा. पुढच्या वेळी दोन्ही उघडाल तेव्हा मॅगझीनच्या पोकळीत, वरच्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख फिरवा. आणि रंगाचं म्हणाल तर ब्लूइंगची, म्हणजे पोलादावर चढवलेल्या निळसर काळ्या रंगाची, चमक टाकीत नसते, आधीच्या पॉलिशमध्ये असते. युद्धातल्या पिस्तुलावर रंगाखाली आडव्या रेघा दिसतील. पॉलिशवाल्याला वेळ दिलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

नाणेवाला | सोमवार, सकाळी ८:१२

कानसकाका, प्रतिसाद सुरेख. वाचनखूण साठवली.

मूळ प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा आहे. शिवराईच्या नकला जत्रेत पन्नास रुपयांना मिळतात. त्या खोट्या, विषय संपला. पण मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींनी ब्रिटिश काळातली काही नाणी जुन्या डायवरून (छापाच्या ठशावरून) नंतर हौशी लोकांसाठी पुन्हा पाडली. त्यांना आम्ही 'रिस्ट्राइक' म्हणतो. खोटी नाहीत, पण मूळचीही नाहीत, आणि किंमत मधली. टांकसाळ तीच, डाय तोच, वर्ष मात्र खोटं.

आता नव्या विसमध्ये यातलं काय काय तेच आहे? कारखाना तोच म्हणता, तो खरंच तोच आहे का?

व्रोत्स्वाफकर | सोमवार, सायंकाळी ७:३०

यावर सहकाऱ्याशी आज जेवताना झालं बोलणं. उत्तर गुंतागुंतीचं आहे.

१९३९ च्या सप्टेंबरपर्यंत सैन्याला साधारण ४९,४०० विस मिळाली, ठरली होती ९०,०००. मग जर्मन आले. कारखाना ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीच्या हाती गेला, आणि त्यांनी तेच पिस्तूल स्वतःच्या सैन्यासाठी तीन लाखांहून जास्त काढलं. त्यावर 'पी ३५ (पी)' असा छाप. कंसातला पी म्हणजे 'पोलिश'. १९४४ मध्ये रशियन फौजा जवळ आल्यावर यंत्रं ऑस्ट्रियाला हलवली आणि शेवटची काही तिकडेच झाली. युद्धानंतर रादोमला कारखाना परत उभा राहिला, पण विस बंद. नव्या मालकांना रशियन टीटी पिस्तूल हवं होतं, ते इथे बनायला लागलं.

पुढे हाच कारखाना 'वूच्निक' नावाने शिलाई मशीन आणि टाइपरायटर करायचा. इथल्या कितीतरी आज्ज्यांकडे अजून वूच्निकची मशीन आहे, आपल्याकडे उषा असते तशी. १९७६ च्या जूनमध्ये भाववाढीविरुद्ध रादोमला जो उठाव झाला तो याच कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला. २००० च्या सुमारास जुनी कंपनी बुडाली, शस्त्रांचा भाग वेगळा होऊन परत 'फाब्रिका ब्रोनी' झाला, आणि २०१४ मध्ये गावात नव्या जागेत गेला.

म्हणजे नाणेवाले, नाव तेच, गाव तेच. इमारत नवी, यंत्रं नवी, मालकीही बदलत गेलेली.

नाणेवाला | सोमवार, रात्री ८:०५

मग रिस्ट्राइक नाही म्हणता येणार. डाय नाही ना. ही त्याच टांकसाळीने जुन्या चित्रावरून काढलेली स्मरणिका. शंभर रुपयांची स्मारक नाणी असतात तशी. वाईट नाही, पण खण वेगळा.

वळिवडेकर | सोमवार, रात्री ११:१८

पोलंडचा धागा आणि कोल्हापूरकर गप्प बसणार होय? आमच्या वळिवड्यात १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. बायका-पोरं जास्त, बापे पोलिश जनरल अँडर्सच्या फौजेत. सैबेरियातून इराण, इराणातून इथं. २०२४ साली पंतप्रधान मोदी वॉर्सॉत गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली, आठवतंय का बघा.

पण मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितोय. व्रोत्स्वाफकर, तुमच्या लेखात 'जर्मनांनी काढलं' असं सरळ एक वाक्य आहे. काढलं कुणी? कामावर होते पोलिश कामगारच. आणि ते पार्ट चोरत होते. डब्यातनं, कपड्यातनं, जमेल तसं बाहेर. भूमिगत सेना ते जोडून पिस्तूल उभं करायची. हे होऊ नये म्हणून जर्मनांनी नळ्या करायचं काम ऑस्ट्रियात श्टायरकडंच ठेवलं. नळीशिवाय पिस्तुलाचं काय करणार? तर यांनी वॉर्सॉत लपूनछपून नळ्या करायला घेतल्या. १९४२ च्या ऑक्टोबरात रादोमला पन्नास जणांना जाहीर फाशी दिली. चार दिवस, चार जागा. त्यातली एक जागा कारखान्याच्या समोर. आत जाणाऱ्या पाळीनं ते बघत जायचं.

आता मला सांगा, जे पिस्तूल करताना माणसं मेली ते 'काटकसरीचा माल', आणि जे वातानुकूलित शेडमध्ये झालं ते अस्सल? तुमच्या मित्राला म्हणावं, ये एकदा कोल्हापूरला. तांबडा-पांढरा घालतो, आणि सांगतो.

व्रोत्स्वाफकर | मंगळवार, सकाळी ७:०२

वळिवडेकर, मला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत. फाशीचं मला माहीत होतं, पण पिस्तूल हातात असताना डोक्यात आलं नाही. लाज वाटली थोडी.

सहकाऱ्याची बाजू मात्र मांडतो. तो पोलिश आहे, त्याच्या पणजोबाच्या पिढीने हे भोगलंय. त्याला जुन्यावरचा तो परका छाप बघवत नाही. नव्यावर गरुड आहे, मुकुटासकट. म्हणाला, "ते पिस्तूल आमच्याकडून हिसकावलं, छाप मारून वापरलं, आणि परत आमच्यावरच रोखलं. मला एक तरी असं हवं होतं की ज्यावर फक्त आमचं नाव आहे." यावर मी काय बोलणार?

शांतपणे | मंगळवार, दुपारी ३:४०

वाचनमात्र असते, पण राहवलं नाही. शेवटी ही माणसं मारायची वस्तू आहे. तिच्या चमकेवर, कोपऱ्यांवर इतकं रसाळ लिहिताना कुणालाच काही वाटत नाही?

खाकी निवृत्त | मंगळवार, दुपारी ४:२५

ताई, वाटतं. नोकरीत रोज संध्याकाळी मोजून आत ठेवायचो, एक कमी भरलं तर रात्रभर झोप नाही. म्हणूनच आधी पिन तुटण्याबद्दल लिहिलं. कुणी उत्साहात 'मलाही हवं' म्हणेल तर आत्ताच सांगतो: ९ मिमी आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये (नळीच्या मापाच्या वर्गात) येतं, सामान्य परवान्यावर मिळत नाही. बघायचं तर वॉर्सॉच्या लष्करी संग्रहालयात, काचेपलीकडून.

रविवारची मिसळ | मंगळवार, रात्री ८:५०

एक शंका. सैन्यात सध्या काय आहे मग? हेच परत घेतलं का?

व्रोत्स्वाफकर | मंगळवार, रात्री ९:१०

छे. सैन्याला त्याच कारखान्याचं 'विस १००' आहे. स्वातंत्र्याच्या शंभरीचं नाव, १९१८ ते २०१८. अॅल्युमिनियमची बॉडी, पंधरा गोळ्या, जुन्याशी नावापलीकडे नातं नाही. जुन्या रूपाचं फक्त संग्राहकांना.

व्रोत्स्वाफकर | पुढचा शनिवार, रात्री ११:२०

कानसकाका, गृहपाठ केला. मित्राने दोन्ही उघडून दिली, मी नख घेऊन बसलो. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता.

नवं: आतबाहेर सारखंच स्वच्छ. कोपऱ्यात नख अडकत नाही, घसरून पुढे जातं. म्हणजे गोलाई आहे, बरोबर?

जुनं: बाहेरून तुम्ही म्हणालात तशाच रेघा, नांगरलेल्या शेतासारख्या, वरून निळसर काळा रंग. मुठीच्या कडा तर बोटाला लागतात. पण आत बघितलं तर चकित झालो. स्लाइड ज्यावर धावते त्या पट्ट्या आणि नळीवरचे दाते एकदम गुळगुळीत. जिथे कुणी बघत नाही तिथे काम चोख, आणि जिथे दिसतं तिथे ओबडधोबड. उलटं कसं?

कानस | रविवार, सकाळी ६:५५

उलटं नाही, सुलटच आहे. घाईचा हुकूम आला की फिटर बाहेरचं सोडतो, आतलं सोडत नाही. बाहेरच्या रेघेने पिस्तूल बंद पडत नाही.

एक दुरुस्ती मात्र. नळीवरच्या दात्यांचं श्रेय रादोमला देऊ नका. वळिवडेकरांनी सांगितलं ना, तोवर नळ्या ऑस्ट्रियाहून येत होत्या. रादोमचं बघायचं तर ते दाते स्लाइडमध्ये ज्या खाचांत बसतात त्या खाचा बघा, आणि धावपट्ट्या. ते चांगलं आहे म्हणता, तर ठीक.

वळिवडेकर | रविवार, सकाळी ९:३०

आणि आतलं चोख ठेवायला त्याला आणखी एक कारण असंल की काका. त्यातली चार पिस्तुलं आपल्याच पोरांच्या हातात जायची होती.

कानस | रविवार, सकाळी ९:४१

असेल. चोरायचा पार्ट कुणी वाईट करत नाही.

व्रोत्स्वाफकर, नव्याच्या कोपऱ्यात गोलाई किती ते नखाने कळायचं नाही. पुढच्या खेपेला रेडियस गेज घेऊन जा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, पानापानाचा पंखा असतो तसं. आणि मित्राला विचारून घ्या हो आधी.